पार्टिकल बोर्डाच्या मांडणीला कोणता स्क्रू?

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन “पार्टिकल बोर्डासाठी स्क्रू द्या” म्हटलं, की काउंटरवर बहुतेक वेळा काळ्या स्क्रूंचं खोकं येतं. हे स्क्रू मुळात जिप्सम बोर्डाच्या छतांसाठी आणि पार्टिशनसाठी. स्वस्त, अणकुचीदार, मशीनला लावले की सरसर आत जाणारे. त्यामुळे लाकूड असो, प्लाय असो की लाकडाच्या चिपा दाबून केलेला हा पार्टिकल बोर्ड, सगळीकडे तेच वापरले जातात आणि काम उभंही राहतं. पुढे कधीतरी फळी बाजूपासून सुटायला लागते, तेव्हा दोष बोर्डाच्या माथी जातो. “पार्टिकल बोर्डच तो, टिकणार किती!” हे मी इतक्यांदा ऐकलंय, की त्या बोर्डाची बाजू कोणीतरी नीट मांडायला हवी असं वाटायला लागलं.

मी पुण्यात राहते, भाड्याच्या घरात, आणि ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वडिलांनी आयुष्यभर जमवलेले दिवाळी अंक त्यांच्यामागे माझ्याकडे आले. ते गोणीत बांधून माळ्यावर टाकायचे नव्हते. हात घातला की मिळावेत, चाळता यावेत, अशी मांडणी हवी होती. सागाची परवडत नव्हती. प्लाय घेतला तर त्यावर सनमायका, फेविकॉल, सुताराची मजुरी आणि आठवडाभर घरात धूळ. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट चढवून आलेला पार्टिकल बोर्ड मात्र दुकानातच मापात कापून मिळतो आणि घरी आणून फक्त जोडायचा असतो. पण अकरा महिन्यांचा करार संपला की कधी घर बदलावं लागेल सांगता येत नाही. म्हणजे मांडणी नुसती उभी राहून भागत नाही. ती सुटी व्हायला हवी, टेम्पोत आडवी जायला हवी आणि नव्या घरात पुन्हा तितकीच घट्ट उभी राहायला हवी. या एका अटीमुळे स्क्रूचा प्रश्न माझ्यासाठी फार मोठा झाला.

आधी बोर्ड आतून कसा असतो ते बघू, कारण सगळं तिथून ठरतं. कापलेल्या बोर्डाची कड उजेडात धरा. वरचा आणि खालचा थर बारीक, दाट, जवळजवळ कागदासारखा घट्ट दिसेल. मधला भाग मात्र जाड्याभरड्या चिपांचा, आणि त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या. लाकडाच्या चिपा (आपल्याकडे उसाच्या बगॅसपासूनही असे बोर्ड झाले आहेत) युरिया फॉर्मल्डिहाइडसारख्या रेझिनमध्ये माखून गरम प्रेसखाली दाबतात. दाब वरून येतो, म्हणून चिपा आडव्या पहुडतात, एकावर एक. सपाट बाजूनं बोर्ड बळकट असतो तो यामुळेच. आणि कडेतून काही घुसवलं की ते पाचरीसारखं थरांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून फाकवतं, तेही यामुळेच. राजगिऱ्याच्या वडीला वरून दाबलं तर ती सहज तग धरते, पण कडेतून सुरीचं टोक घातलं की थर सुटतो. इथं तसंच होतं.

विश्वास बसत नसेल तर दुकानातून दोन तुकडे फुकट मागून आणा. एकाच मापाचे दोन स्क्रू घ्या, एक सपाट बाजूत आणि एक कडेत बसवा. मग हातोडीच्या मागच्या पंज्यानं दोन्ही उपसून बघा. सपाट बाजूतला झगडत येतो. कडेतला येताना आजूबाजूची खपली घेऊनच बाहेर पडतो, आणि त्या भोकात दुसरा स्क्रू पुन्हा कधीच धरत नाही. बारावीच्या मुलांना मी हा प्रयोग वर्गात करून दाखवते. बल किती आहे याइतकंच ते कुठल्या दिशेनं लागतंय याला महत्त्व असतं, हे फळ्यावरच्या बाणांपेक्षा त्यांना इथं चटकन कळतं.

आता आपल्या नेहमीच्या मांडणीत काय करतात? बाजूच्या उभ्या फळीच्या बाहेरून स्क्रू घालतात, तो आडव्या फळीच्या कडेत शिरतो. म्हणजे सगळे आटे बोर्डाच्या सर्वांत दुबळ्या जागी. वर पुस्तकांचं ओझं, त्यात फळी थोडी वाकली की कडेतला स्क्रू दर वेळी जरासा उचकटला जातो. आणि घर बदलताना तो काढून पुन्हा घातला की उरलासुरला आटाही जातो.

यावर मी जो नियम स्वतःसाठी केला तो असा: आटे खऱ्या लाकडात किंवा धातूत बसले पाहिजेत, बोर्ड फक्त मधे दाबला गेला पाहिजे. बोर्डात आरपार भोक असावं, आट्यांची जबाबदारी त्याच्यावर नसावी. ही एक गोष्ट पाळली की बाकी निवड आपोआप सोपी होते.

सर्वांत साधा आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे फळीखालची लाकडी पट्टी. २० मिमी जाड, इंच-दीड इंच रुंद सागाची किंवा पाइनची पट्टी फळीच्या खोलीइतकी कापायची आणि बाजूच्या फळीला आतून लावायची. आडवी फळी तिच्यावर निवांत टेकते. बहुतेक जण पट्टीतून बोर्डात स्क्रू मारतात. मी उलटं करते. बाजूच्या फळीत साडेचार मिमीचं आरपार भोक पाडते आणि बाहेरून स्क्रू घालते, म्हणजे आटे पट्टीच्या लाकडात बसतात. १८ मिमीचा बोर्ड आणि ३५ मिमीचा स्क्रू, म्हणजे १७ मिमी लाकडात जातो आणि २० मिमीच्या पट्टीतून टोक बाहेर येत नाही. दुकानात मागताना “३५ बाय ८” म्हणायचं. यातला ३५ म्हणजे लांबी मिमीत, आणि ८ हा जाडीचा नंबर, साधारण ४.२ मिमी. ६ नंबर साडेतीन मिमीच्या आसपास असतो, १० नंबर जवळजवळ पाच. पट्टीत आधी तीन मिमीचं भोक पाडून घ्यायचं, नाहीतर सुकं लाकूड टोकाशी तडकतं.

डोकं कुठलं हेही पाहायला हवं. खोलगट बसणारं तिरकं डोकं मशीननं जोर लावून आत ओढलं की लॅमिनेटची टवकी उडते आणि तिथून पुढे पावसाळ्यात दमट हवा आत शिरायला वाट होते. मी चपट्या गोल डोक्याचा स्क्रू आणि त्याखाली वायसर वापरते. वायसरमुळे दाब पसरतो, लॅमिनेट शाबूत राहतं, आणि स्क्रू पुन्हापुन्हा काढून घातला तरी बोर्डाला काही होत नाही. बाहेरून डोकी दिसतात, हे खरं. एक बाजू भिंतीला लागून असते, दुसरीकडे मला ती ओळीनं दिसलेली आवडतात. ज्यांना नको असतील त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या चिकटटोप्या मिळतात.

ओझ्याचा हिशेब करून बघा, म्हणजे पट्टीवर विश्वास बसेल. दिवाळी अंकांची एक फूट जाडीची थप्पी घरच्या वजनकाट्यावर ठेवली तर ती दहा किलोच्या आसपास भरली. दोन फुटांच्या फळीवर वीस किलो. दोन बाजूंना दोन पट्ट्या, प्रत्येकीवर दहा किलो. पट्टीला तीन स्क्रू असतील, तर एका स्क्रूवर साडेतीन किलोसुद्धा येत नाही. आणि हे वजन स्क्रूला उपसत नाही, आडवं कापू पाहतं. आठ नंबरच्या पोलादी स्क्रूला ते जाणवतही नाही.

फळीची लांबी हा मात्र खरा धोका आहे, आणि याबद्दल मला हात जोडून सांगावंसं वाटतं: १८ मिमीच्या बोर्डाची फळी पुस्तकांसाठी दोन फुटांपेक्षा लांब करू नका. सारख्याच दाटीनं पुस्तकं लावली तर झोळ, म्हणजे फळीचं मधोमध खाली वाकणं, लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. दोनाचे तीन फूट केले की लांबी दीडपट होते, झोळ पाचपट. दहा इंच खोल फळी, फुटाला दहा किलो, असं धरून मी गणित मांडलं, तर दोन फुटांवर मध्ये दोन मिमीच्या आत-बाहेर उत्तर येतं. तीन फुटांवर जवळपास एक सेंटिमीटर. शिवाय हे पहिल्या दिवसाचं. पार्टिकल बोर्ड कायमच्या ओझ्याखाली हळूहळू वाकतच राहतो आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. फळी वाकली की तिची टोकं वर उचलतात आणि कडेत स्क्रू असतील तर ते उचकटतात. फळी सुटली म्हणून आपण जे स्क्रूला बोल लावतो, त्यात पुष्कळदा मूळ कारण हा झोळ असतो.

तीन फूट हवेच असतील तर दोन उपाय आहेत. २५ मिमीचा बोर्ड घेतला तर ताठपणा अडीचपटीहून थोडा जास्त वाढतो, कारण तो जाडीच्या घनावर असतो. पण वजन आणि खर्चही वाढतो. दुसरा उपाय मला जास्त पटतो. फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी लावायची, आणि स्क्रू फळीच्या वरून खाली पट्टीत घालायचे. पुन्हा तोच नियम, आटे लाकडात. पाइनच्या अशा एका पट्टीनं फळीचा एकूण ताठपणा तिपटीच्या वर जातो. तीन फुटांची फळी तेवढ्यानं दोन फुटांइतकी निर्धास्त होत नाही, तरी पोट यायचं पुष्कळ कमी होतं. पट्टी समोरून दिसते आणि बोर्डाची नाजूक कडही झाकली जाते.

मधल्या फळ्यांचं हे झालं. पण मांडणीची चौकट, म्हणजे तळाची आणि वरची फळी दोन्ही बाजूंना घट्ट आवळलेली हवी. तिथं पट्टीवर नुसतं टेकून चालत नाही. यासाठी बाजारात तीन चांगल्या गोष्टी मिळतात.

पहिली, कन्फर्मेट स्क्रू. मॉड्युलर किचनवाले वापरतात तो, जाड, बोथट टोकाचा, चार मिमीच्या षटकोनी एलन कीनं फिरणारा. हा खास पार्टिकल बोर्डासाठीच घडवलेला आहे. नेहमीचं माप ७ बाय ५०. त्याची दांडी निमुळती होत जात नाही, आटे रुंद आणि खोल असतात, त्यामुळे तो पाचरीसारखा थर फाकवत नाही. आधीच पाडलेल्या भोकाच्या भिंतीत आटे कापत जातो. बाजूच्या फळीत ७ मिमीचं आरपार भोक आणि समोरच्या कडेत ५ मिमीचं, इतकी शिस्त पाळली तर कडेतला स्क्रू म्हणून यासारखा दुसरा नाही. पण भोक कडेच्या अगदी मध्यात हवं. १८ मिमीच्या कडेत ७ मिमीचा स्क्रू गेला की दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मिमीच उरतात. दोन मिमी जरी इकडेतिकडे झालं तरी एका अंगाला फुगवटा येतो. मी ड्रिल मारण्याआधी कडेच्या दोन्ही बाजूंना दोन फळकुटं शिकंज्यानं आवळून घेते, म्हणजे थर फाकायला जागाच राहत नाही. कोपऱ्यापासून दोन इंच तरी आत राहायचं. आणि शेवटचे दोन फेरे हातानं. मशीनचा क्लच कितीही खाली ठेवला तरी आटे घसरायला एक क्षण पुरतो.

बोहरी आळीत मी हा स्क्रू मागितला तेव्हा दुकानदार म्हणाले, “मॅडम, हा मिस्त्री लोकच नेतात. तुम्ही काय करणार?” मी मांडणीचा कागद पुढे केला. तो त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि स्वतःहून ५ आणि ७ मिमीचं पायरीचं ड्रिल काढून दिलं, ज्यानं दोन्ही भोकं एका दमात पडतात. अशा दुकानांत गर्दी नसेल तेव्हा जावं. ड्रॉवर उघडून ते एकेक वस्तू दाखवतात तेव्हा जे कळतं ते दुसरीकडे कुठे कळत नाही.

कन्फर्मेटची अडचण एकच. आटे शेवटी बोर्डातच बसतात. एकदा जोडून कायम ठेवायची मांडणी असेल तर डोळे मिटून हाच वापरा. एखाद-दुसऱ्या वेळी उघडूनही चालतो, मात्र परत घालताना तो आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात टकदिशी बसू द्यायचा आणि मग आवळायचा. दर काही वर्षांनी घर बदलणाऱ्यांसाठी मला तो पुरेसा वाटत नाही.

दुसरी गोष्ट, मिनीफिक्स. तयार फर्निचरच्या खोक्यात येतात ती चकती आणि बोल्ट. चकती १५ मिमी व्यासाची, फळीच्या खालच्या अंगात बसते, अर्धा फेरा दिला की बोल्टचं डोकं ओढून घेते. ओढ कडेतल्या आट्यांवर येत नाही, चकतीच्या सगळ्या अंगावर पसरते, म्हणून कितीदाही सोडा-जोडा. सोबत ८ मिमीच्या लाकडी खुंट्या हव्यात. वजन त्या पेलतात, चकती फक्त ओढून धरते. पण याची भोकं अर्ध्या मिमीनं चुकली तरी जोड बसत नाही. ज्याच्याकडे जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा) आणि १५ मिमीचं बोअर आहे त्यानं जरूर करावं.

तिसरी गोष्ट मी निवडली: बॅरल नट. पलंगाच्या जोडाला असतो तसाच, आकारानं लहान. दहा मिमी जाडीची छोटी दांडी, तिच्यात आडवे सहा मिमी बोल्टचे आटे. फळीच्या खालच्या अंगातून दहा मिमीचं भोक, कडेपासून साधारण ३५ मिमी आत, आणि कडेतून त्याला जाऊन मिळणारं सात मिमीचं. बाजूच्या फळीतून सहा मिमीचा बोल्ट येतो आणि या नटात आवळला जातो. धातूत धातू, बोर्ड फक्त मधे दाबलेला. दांडीच्या तोंडावर खाच असते, स्क्रू ड्रायव्हरनं ती फिरवून भोक बोल्टच्या रेषेत आणायचं. वरच्या आणि तळाच्या फळीला प्रत्येक टोकाला दोन-दोन, म्हणजे एका मांडणीला आठ. मांडणी सुटी करायची तर मागची पाठ काढून आठ बोल्ट सोडायचे आणि बाजूच्या फळ्या पट्ट्यांसकट अलग होतात.

फेविकॉलबद्दल एक सांगते. ओळखीचे एक सुतारकाका मला प्रेमानं म्हणत, “ताई, जोडाला फेविकॉल लावा, मग स्क्रू कुठलाही चालेल.” सागाच्या कामात त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यांच्या हातची चौकट मी डोळे भरून पाहिलेली आहे. पण लॅमिनेट चढवलेल्या सपाट बाजूवर फेविकॉलला शोषून घेणारं काही नसतं, वाळला की तो पापडीसारखा निघून येतो. लाकडी खुंटीच्या भोकात तो धरतो, कारण तिथं चिपा उघड्या असतात. आटे गेलेलं भोक दुरुस्त करायलाही तोच लागतो: भोक ८ मिमीपर्यंत मोठं करायचं, फेविकॉल लावून लाकडी खुंटी ठोकायची, एक रात्र जाऊ द्यायची, आणि खुंटीत नव्यानं बारीक भोक पाडून स्क्रू घालायचा. जुनी मांडणी टाकून देण्याआधी हे नक्की करून बघा. बहुतेक ठिकाणी बोर्ड ठणठणीत असतो, फक्त भोकं गेलेली असतात.

पाठीचा पत्रा, म्हणजे मागची पातळ फळी, पुष्कळ जण वाचवतात. तसं करू नका. मांडणीला हात लावला की ती समांतरभुज चौकोनासारखी एका अंगाला झुकते, तो झुकाव कोपऱ्यातला कुठलाच स्क्रू रोखू शकत नाही, कारण त्याला तरफेची जागाच मिळत नाही. सहा मिमीचा प्लाय मागून दर सहा इंचांवर बारीक स्क्रूनं लावला की चौकट हलायची थांबते. इथले स्क्रू कडेत जातात, तरी चालतं. त्यांना कोणी उपसत नाही, ते फक्त पाठ सरकू देत नाहीत. तीन मिमीचे, वीस मिमी लांबीचे चिपबोर्ड स्क्रू पुरतात. पाठ लावण्याआधी दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घ्या.

गंजाचा विचार आपण पुण्यात कमी करतो. माझी मावशी चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी तिच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो तेव्हा पार्टिकल बोर्डाची कपाटं फुगून उसवली होती. मी कोपरे मुद्दाम निरखून पाहिले. कडेत घातलेल्या प्रत्येक स्क्रूभोवती बोर्ड कमळासारखा उमललेला, स्क्रू बोटांनी निघत होते. तिच्याच भिंतीवर उंच लावलेली, खाली लोखंडी ब्रॅकेट असलेली फळी मात्र पाण्याच्या रेषेच्या वर होती आणि आजही आहे. पुरापुढे कुठलाच स्क्रू टिकत नाही, हे मला मान्य आहे. पण नुसत्या कोकणातल्या हवेतसुद्धा काळे स्क्रू दोन पावसाळ्यांत तांबारतात, त्यांच्यावरचा थर ओल झेपण्यासाठी नसतोच. समुद्राजवळच्या घरात स्टेनलेस स्टीलचे घ्या. ते जरा मऊ असतात, त्यामुळे भोक आधी पाडा आणि बिट स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारंच वापरा.

पुण्यातसुद्धा पाणी येतंच, रोज लादी पुसताना. बाजूच्या फळीची तळाची कड फरशीला टेकली की ओल तिथून चढते. म्हणून बाजूच्या फळ्यांखाली प्लॅस्टिकचे बूट लावायचे, तेही कडेत खिळा ठोकून नाही. आतल्या अंगाला पट्टी लावून त्या पट्टीत. आणि दुकानातून बोर्ड कापून घेताना प्रत्येक उघड्या कडेवर मशीननं पट्टी चिकटवून घ्या, मागच्या, न दिसणाऱ्या कडांवरसुद्धा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मी हे सांगते तेव्हा “मागे कशाला ताई, भिंतीलाच तर लागणार,” असं ऐकावं लागतं. ओलही भिंतीकडूनच येते, असं मी सांगते आणि पट्टी लावून घेते. बोर्डावर आयएस १२८२३ हा शिक्का आहे का तेही तिथंच बघते. लॅमिनेट चढवलेल्या पार्टिकल बोर्डाचं ते भारतीय मानक आहे. अख्खा ८ बाय ४ फुटांचा बोर्ड पस्तीस किलोच्या पुढे भरतो, त्यामुळे कापणी तिथंच करून घेणं पाठीच्या दृष्टीनंही बरं.

राहिली भिंत. पाच फुटांची मांडणी नुसती उभी ठेवू नये. घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही, मुलं चढायला बघतातच. वरच्या फळीला मागून एक एल पट्टी आणि ती भिंतीत गिट्टी (भोकात बसून स्क्रूला धरणारी प्लॅस्टिकची नळी) घालून आवळलेली, इतकं पुरतं. एल पट्टीचा बोर्डाकडचा भाग सपाट बाजूला येऊ द्या, आणि स्क्रूऐवजी आरपार छोटा नट-बोल्ट लावा. नायलॉनची फुलणारी गिट्टी १९५८ साली जर्मनीत आर्थर फिशर यांनी काढली. इतकी साधी वस्तू, आणि त्यामागे घर्षणाचं केवढं नेमकं गणित आहे! ती पकडते विटेत, प्लॅस्टरमध्ये नाही. आतल्या भिंतीचं प्लॅस्टर साधारण अर्धा इंच असतं, म्हणून गिट्टी त्याच्या पलीकडे पूर्ण गेली पाहिजे. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकच्या असतात. ड्रिल लावल्यावर लाल भुकटीऐवजी पांढरी-करडी, हलकी भुकटी पडली तर समजा तीच आहे. तिथं ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरणं) बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर भोक मोठं होतं आणि साधी गिट्टी आतच गरगर फिरते. लांब, अशा ब्लॉकसाठीच केलेली नायलॉनची गिट्टी मागा. घरमालकांना आधी विचारून घ्यायचं. “एकच भोक, आणि जाताना पुट्टी भरून देईन,” असं सांगितलं की आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

कोणी अशी मांडणी करायला घेणार असेल तर पाच फूट उंच, दोन फूट रुंद, मधे चार फळ्या, यासाठी दुकानात मागायचं ते असं: ३५ बाय ८ चे चपट्या डोक्याचे स्क्रू आणि वायसर प्रत्येकी चोवीस, शिवाय चार-पाच जास्तीचे, सहा मिमीचे साठ मिमी लांब बोल्ट आणि बॅरल नट आठ-आठ, पाठीसाठी वीस मिमीचे बारीक चिपबोर्ड स्क्रू चार डझन, एक एल पट्टी, तिचे छोटे नट-बोल्ट, एक लांब गिट्टी आणि तिच्या मापाचा स्क्रू. बॅरल नट दुकानात नसेल तर मॉड्युलर किचनचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा, तिथं मिळतो. आणि बोल्ट घेताना तिथल्या तिथे नटात फिरवून बघा. एकाच खोक्यात कधी कधी वेगळ्या आट्यांचे मिसळलेले असतात.